ऑक्सफर्डच्या ग्रंथसूचीत कोपरगाव

धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

मोठ्या विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांची ग्रंथसूची चाळली की ठरावीक दालने समोर येतात: समाज, राजकारण, संस्कृती, धर्म, दक्षिण आशिया. जाड बांधणीची नवी पुस्तके, तीन-चार वाक्यांचा सारांश, आणि महिन्याच्या खाणावळीचा हिशेब बिघडवणारी किंमत. इतिहासाचे विद्यार्थी या सूचीत बहुधा लेखकाचे नाव शोधतात किंवा विषय शोधतात. मीही आजवर तेच करत आलो. या वेळी एक उलटा प्रयोग करून पाहिला. लेखक आणि विषय बाजूला ठेवून एकाच जिल्ह्याचे बोट धरले, जुना अहमदनगर म्हणजे आजचा अहिल्यानगर, आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज, कोलंबिया अशा प्रकाशनांच्या दालनांतून हा जिल्हा कुठे कुठे भेटतो ते पाहत गेलो.

पहिली अडचण नावाचीच आली. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले. पुस्तके जुन्या नावाने आहेत, हे उघड आहे. पण जुन्या नावाचेही इंग्रजीत दोन अवतार आहेत. सरकारी कागदपत्रांत ‘अहमद’मधला ‘म’ ‘ई’ अक्षर घालून लिहीत, तर फारसी साधनांवर काम करणारे अभ्यासक तिथे ‘ए’ घालतात. शोधताना एकच रूप टाकले की कितीतरी पुस्तके जाळ्यातून निसटतात. नेवासे तर ‘व्ही’नेही लिहिले जाते आणि ‘डब्ल्यू’नेही. शिवाय बहुतेक पुस्तकांच्या शीर्षकात जिल्ह्याचे नाव नसतेच. ते पुस्तकाच्या शेवटी, शब्दसूचीत, बारीक टायपात दडलेले असते. म्हणून नवशिक्या मित्रांना आधीच सांगतो: पुस्तक हाती आले की प्रस्तावनेआधी शब्दसूची उघडा.

विद्यापीठ प्रकाशन म्हणजे काय, हेही दोन वाक्यांत सांगायला हवे. केंब्रिज विद्यापीठाला छपाईचा अधिकार १५३४ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या सनदेने मिळाला. ऑक्सफर्डच्या प्रकाशनसंस्थेने मुंबईत शाखा उघडली ती १९१२ मध्ये. अशा संस्थांकडे हस्तलिखित गेले की ते बाहेरच्या तज्ज्ञांकडे वाचायला पाठवले जाते, आणि त्या तज्ज्ञांपुढचा मुख्य प्रश्न असा असतो की या पुस्तकाने कोणत्या चालू वादात कोणती भर पडते. हा प्रश्न ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. एखादे गाव केवळ तिथे काही घडले म्हणून या कपाटात येत नाही. जगात कुठेतरी एक वाद चालू असतो आणि त्या वादाला त्या गावाचा दाखला लागतो, तेव्हा ते येते.

कोपरगाव

सर्वांत जास्त आश्चर्य मला इथे वाटले, म्हणून सुरुवात इथूनच. १९८० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने दिल्लीहून बी. एस. बाविस्कर यांचा ‘द पॉलिटिक्स ऑफ डेव्हलपमेंट’ हा ग्रंथ काढला. उपशीर्षकात ग्रामीण महाराष्ट्रातील साखर सहकार आहे. बाविस्कर दिल्ली विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत, आणि त्यांच्या अभ्यासाचे क्षेत्र होते कोपरगाव सहकारी साखर कारखाना. ज्या काळात भारतातील समाजशास्त्रज्ञ गाव हे एकक धरून जात, नातेसंबंध आणि विधी यांचा अभ्यास करत होते, त्या काळात हा माणूस एका कारखान्याच्या संचालक मंडळाकडे, निवडणुकीकडे आणि ऊसउत्पादक सभासदांच्या गटातटांकडे समाजशास्त्राच्या दृष्टीने पाहत होता.

त्यामागचा वाद समजून घेण्यासारखा आहे. सहकारात राजकारण शिरले की सहकार बुडतो, असे त्या वेळी नियोजनकर्ते आणि तज्ज्ञ सर्रास म्हणत. सहकारी संस्था राजकारणापासून अलिप्त ठेवा, हा सरकारी अहवालांचा आवडता उपदेश होता. बाविस्करांनी दाखवले ते या उपदेशाला अडचणीत आणणारे होते. कारखान्यात राजकारण ओसंडून वाहत होते आणि तरीही कारखाना चालत होता. कारखाना हाती असला की तालुक्यात माणसे जोडता येतात, जिल्हा परिषद आणि विधानसभेचा रस्ता मोकळा होतो. पण ज्यांच्या मतांवर संचालक निवडून येतो त्या सभासदांचा ऊस वेळेवर गाळला गेला नाही, भाव बरा मिळाला नाही, तर पुढच्या निवडणुकीत विरोधी गट टपून बसलेलाच असतो. म्हणजे गटबाजीच एका अर्थाने कारभारावर पहारा ठेवत होती. विकास आणि राजकारण ही दोन वेगळी दालने मानण्याची सवय या एका कारखान्याने मोडीत काढली.

आज हा निष्कर्ष वाचताना आपल्या मनात लगेच शंका येते, कारण पुढच्या काळात आजारी पडलेले, थकबाकीत गेलेले आणि विकले गेलेले सहकारी कारखाने आपण पाहिले आहेत. शंका रास्त आहे. पण ग्रंथ त्याच्या काळात ठेवून वाचावा लागतो. बाविस्करांचा पहारेकरी सभासद होता. तो थकला, विकला गेला की पांगला, हा त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांपुढचा प्रश्न आहे. पुढे १९८८ मध्ये डोनाल्ड ॲटवुड आणि बाविस्कर यांनी संपादित केलेला ‘हू शेअर्स?’ हा सहकारावरील ग्रंथही ऑक्सफर्डनेच काढला. शीर्षकातच प्रश्न आहे: वाटा कुणाला?

याच वाटेवर एक जोडकथा आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकले. तिथला त्यांचा प्रबंध भारताच्या अलीकडील औद्योगिक उत्क्रांतीवर होता आणि तो १९२४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्या पुस्तकावर वाढल्या. १९३० मध्ये पुण्यात गोखले संस्था उभी राहिली तेव्हा ते तिचे संचालक झाले. आणि प्रवरेच्या पट्ट्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून लोणीला सहकारी साखर कारखाना उभारायला घेतला, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदाची जबाबदारी याच गाडगीळांनी उचलली. १९५०-५१ च्या हंगामात तिथे गाळप सुरू झाले. ऑक्सफर्डच्या छापील यादीतला लेखक राहाता-राहुरीच्या शेतकऱ्यांच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसलेला डोळ्यांसमोर आणा. ग्रंथ जिल्ह्याविषयी लिहिले जातात, हे आपण गृहीत धरतो. इथे ग्रंथकर्ताच जिल्ह्यात येऊन कारखाना चालवत होता, आणि तीस वर्षांनी शेजारच्या तालुक्यातला कारखाना त्याच प्रकाशनाच्या ग्रंथाचा विषय झाला.

ऊस इथे मुळात का रुजला, हेही पाहावे. जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण, पण प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पट्ट्यात श्रीरामपूर, राहाता, राहुरी या भागांचे रूप पालटले. पाथर्डी, जामखेड, पारनेर मात्र कोरडेच राहिले. एकाच जिल्ह्यातील या दोन प्रदेशांचा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

राहुरी आणि नगर: एका शीर्षकाची गोष्ट

ऑक्सफर्डच्याच जुन्या यादीत १९५० साली एक आत्मचरित्र आहे: ‘आय फॉलो आफ्टर’. लेखिका लक्ष्मीबाई टिळक, अनुवाद ई. जोसेफिन इन्क्स्टर यांचा. मूळ मराठी पुस्तक आपल्या सर्वांच्या परिचयाचे, ‘स्मृतिचित्रे’, १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले.

लक्ष्मीबाईंचे आणि या जिल्ह्याचे नाते घट्ट आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी ते नगरला राहिले. हिंदू राहिलेल्या लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर होत्या, मग परतल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नगर आणि राहुरीतील मिशनचे जग, तिथली गरिबी, जेवणपाण्याचे सोवळे सुटत जाणे, घरात पोरक्या मुलांना मिळणारा आसरा, टिळकांचा विक्षिप्तपणा: हे सर्व त्या ज्या मिस्कीलपणे सांगतात त्याला मराठीत जोड नाही. शाळेत न गेलेल्या बाईने हे लिहिले आहे, हे वाचताना पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावे लागते.

आता शीर्षकाकडे पाहा. ‘स्मृतिचित्रे’ या शब्दात पती नाही, धर्म नाही. एक बाई आहे आणि तिला आठवणारी चित्रे आहेत. इंग्रजीत गेल्यावर त्याचे ‘मी मागून चालते’ झाले. पहिल्यांदा हे शीर्षक पाहिले तेव्हा मला राग आला होता. पतीच्या मागून चालणारी पत्नी अशी चौकट पुस्तकावर लादली गेली, असा एक कडक परिच्छेद मी परिसंवादासाठी लिहूनही टाकला. नंतर कळले की हे शब्द इंग्रजी बायबलच्या राजा जेम्सच्या प्रतीत, फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात येतात. तिथे पौल म्हणतो आहे की मी अजून पोचलो नाही, पण त्या ध्येयामागे चाललो आहे. बायबल वाचणाऱ्या वाचकाला शीर्षकात पत्नीआधी साधक दिसला असणार. माझा कडक परिच्छेद मी खोडला. पण सगळा नाही. कारण दोन्ही अर्थ घेतले तरी ‘स्मृतिचित्रे’तली ती खट्याळ, नवऱ्याला वेळप्रसंगी तोंडावर सुनावणारी बाई त्या शीर्षकात मावत नाही. २०१७ मध्ये शांता गोखले यांचा नवा अनुवाद आला (तो विद्यापीठ प्रकाशनाचा नाही), त्यात मूळ मराठी शीर्षक तसेच ठेवले आहे. उपशीर्षकात मात्र पुन्हा ‘पत्नी’ आहेच, पण बाणेदार.

सांगायचे ते असे की १९५० साली या पुस्तकाला कपाटात जागा मिळाली ती कुठल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून, ते शीर्षकावरून कळते. आज हाच ग्रंथ स्त्रियांच्या आत्मचरित्रांच्या अभ्यासात, जातीच्या इतिहासात, अनुवादाच्या वर्गात वाचला जातो. पुस्तकातले नगर तेच आहे.

भातवडी आणि मलिक अंबर

केंब्रिजकडे वळू. रिचर्ड ईटन यांचा ‘अ सोशल हिस्टरी ऑफ द डेक्कन’ २००५ मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. आठ माणसांच्या आयुष्यांतून साडेचार शतकांचे दख्खन सांगण्याची त्याची रीत आहे. त्या आठांत आपले तुकोबा आहेत, ताराबाई आहेत, महमूद गावान आहे, आणि निजामशाहीचा मलिक अंबर आहे.

अंबर इथिओपियात जन्मला, मूळ नाव चापू, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःच पूर्वाश्रमीचा हबशी गुलाम होता. धनी मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर राजधानी गेलेल्या या राज्याला अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून पुढची पाव शतक जिवंत ठेवले. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेला धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत अंबरच्या बाजूने होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. १६२६ मध्ये अंबर मेला. जहांगीर त्याला जिवंतपणी हरवू शकला नाही. भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतानाचे चित्र मात्र त्याने आपल्या चित्रकाराकडून काढून घेतले.

हे सारे धागे आपल्याकडे पुष्कळदा येऊन गेले. मला वेगळीच गोष्ट दाखवायची आहे. मराठी स्मृतीत अंबर कशासाठी आहे? गनिमी कावा आणि जमीनमहसूल. ‘मलिकंबरी’ हा शब्द आपल्या महसुली परिभाषेत त्याच्यामागे कित्येक पिढ्या टिकून राहिला. ईटनच्या प्रकरणात ही दोन्ही अंगे दुय्यम आहेत. त्याचा प्रश्न लष्करी गुलामगिरीचा आहे: नातेगोते तोडून आणलेली माणसे दख्खनच्या सुलतानांना का हवी होती, ती इतक्या वर कशी चढत, आणि पुढे ही संस्था विरून का गेली. त्याचे उत्तर असे की स्थानिक सरदार घराण्यांच्या ओढाताणीत धन्यापलीकडे कुणीच नसलेला माणूस भरवशाचा वाटे. पण हीच माणसे मुक्त झाली, इथे घरे केली, सोयरिकी जुळल्या आणि त्यांची मुले दख्खनी झाली. अंबरने तर आपली मुलगीच सुलतानाला दिली होती. गुलामीतून आलेला समूह यशस्वी झाला आणि त्या यशातच समूह म्हणून संपला.

आपण महसूल विचारतो, ईटन गुलामी विचारतो. दोघेही एकाच माणसाकडे पाहतो आहोत. माझे स्पष्ट मत आहे की ईटनच्या प्रश्नाने अंबर आपल्याला अधिक कळतो, कारण चापू नावाचा मुलगा आपल्या कथेत कधी नव्हताच. मात्र त्याच अंबरकडे एखाद्या कुणब्याच्या बांधावरून पाहायचे तर ‘मलिकंबरी’ शब्दाचाच माग काढावा लागेल, आणि तो माग मोडी कागदांतून जातो.

नेवासे: दोन पुस्तके, दोन टोके

कोलंबिया युनिव्हर्सिटी प्रेसने २०१६ मध्ये क्रिस्चियन नोवेत्झके यांचा ‘द क्वोटिडियन रिव्होल्यूशन’ काढला. शीर्षकाचा अर्थ ‘दैनंदिन क्रांती’ असा घेता येईल. लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी हे दोन ग्रंथ त्याच्या केंद्रस्थानी आहेत, आणि ज्ञानेश्वरी म्हटली की शके १२१२ आणि नेवाशाचा पैस खांब आलाच.

इथला वाद शेल्डन पोलॉक यांच्या सिद्धान्ताशी आहे. पोलॉक यांनी २००६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात (तोही विद्यापीठ प्रकाशनाचाच, कॅलिफोर्नियाचा) मांडले होते की संस्कृतची जागा देशी भाषांनी घेतली ती मुख्यतः राजदरबारांच्या आश्रयाने. नोवेत्झके विचारतात, मग मराठीचे काय? यादवांच्या दरबाराने मराठी काव्य घडवले असे दिसत नाही. मराठीतले पहिले मोठे ग्रंथ दरबाराबाहेर, भक्तांच्या मेळ्यात, स्त्रिया आणि शूद्र यांना कळावे म्हणून रोजच्या बोलीत घडले. आणि लेखक तिथेच थांबत नाही, हे मला विशेष आवडले. मोक्ष सर्वांना खुला करणारे हे ग्रंथ जातिव्यवस्था मोडत नाहीत, हा ताणही तो झाकत नाही. रोजच्या भाषेत आल्यामुळे त्या विषमतेवर वाद घालण्याची जागा तयार झाली, असे तो म्हणतो.

दुसरे पुस्तक त्याच गावातून, पण पार दुसऱ्या टोकाचे. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला लाडमोड टेकाडावर उत्खनन केले. अहवाल १९६० मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला: ‘फ्रॉम हिस्टरी टु प्रीहिस्टरी ॲट नेवासा’. इतिहासाकडून प्रागितिहासाकडे! शीर्षकाचा क्रम उलटा वाटतो, पण खणणाऱ्याचा क्रम तोच असतो. वर मुसलमानी-मराठा काळ, त्याखाली सातवाहनांचा आणि रोमशी व्यापाराचा काळ, त्याखाली ताम्रपाषाणयुगीन वस्ती आणि घरातल्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले, आणि प्रवरेच्या वाळूगोट्यांत अश्मयुगीन हत्यारे. ज्ञानेश्वरीचे गाव म्हणून आपण ज्याला ओळखतो, तिथे माणूस ज्ञानेश्वरांच्या कितीतरी हजार वर्षे आधीपासून होता.

मला हा अहवाल एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. या यादीतील इतर पुस्तकांत प्रश्न बहुधा बाहेरून आला आणि गावाने दाखला पुरवला. इथे प्रश्न नेवाशाच्या मातीनेच विचारला, आणि पुण्याच्या विद्यापीठाने तो छापला. आपल्या विद्यापीठांनी असे अहवाल काढणे एके काळी नित्याचे होते, हे आज कुणाला सांगितले तर खरे वाटत नाही.

शिर्डी

शिर्डीवर तर वेगळा धागा लागेल, म्हणून थोडक्यात. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९९३ मध्ये इटालियन अभ्यासक अंतोनिओ रिगोपुलोस यांचा साईबाबांच्या जीवनावरील ग्रंथ काढला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाने २०१६ मध्ये कार्लीन मॅक्लेन यांचा ‘द आफ्टरलाइफ ऑफ साईबाबा’. पहिल्याचा प्रश्न: बाबा कोण होते? दुसऱ्याचा: १९१८ नंतर बाबा कुणाकुणाचे झाले? मॅक्लेन यांच्या ग्रंथात दासगणूंचे साईबाबा, दाभोलकरांचे साईबाबा आणि मद्रासकडे भक्ती पसरवणाऱ्या नरसिंहस्वामींचे साईबाबा एकमेकांहून वेगळे दिसतात, आणि हिंदी चित्रपटांतले त्याहून निराळे.

पण दासगणू आणि दाभोलकर दोघेही ओवी लिहिणारे. दासगणू तर याच जिल्ह्यातले, अकोळनेरचे, आणि आधी पोलीस खात्यात होते. त्यांची ओवी कुठून आली? राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतीबुवांकडून, ज्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ चा. संतांचे चरित्र ओवीत कसे सांगावे याची घडी ज्याने बसवली, त्याच जिल्ह्यात दीडशे वर्षांनी नव्या संताचे चरित्र त्याच घडीत बसवले गेले. महिपतींना इंग्रजीत नेले जस्टिन ॲबट या निवृत्त मिशनऱ्याने, नरहर गोडबोले यांच्या मदतीने, १९३० च्या दशकात. आणि ते खंड कुठल्याही विद्यापीठाच्या छत्राखाली निघाले नाहीत. कपाटात काय आहे ते पाहताना कपाटाबाहेर काय राहिले तेही पाहावे लागते.

किल्ला

नेहरूंनी ‘भारताचा शोध’ १९४४ मध्ये नगरच्या किल्ल्यात लिहिला, हे शाळेतच पाठ होते. पहिली आवृत्ती १९४६ ची, कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसची. ऑक्सफर्डच्या यादीत हे पुस्तक पुष्कळ नंतर आले. एकच तपशील इथे नोंदवतो. तुरुंगाच्या आवारात बाग करण्यासाठी खणताना जुन्या भिंती आणि इमारतींचे घुमट लागतात, असे नेहरू आरंभीच सांगतात, चांदबीबीची आठवणही काढतात, आणि मग पुढची शेकडो पाने मोहेंजोदडोपासून सर्व देशभर फिरतात. ज्यावर बसून लिहिले ते नगर काही पानांतच मागे पडते. दोष देत नाही. कैद्याला गाव पाहायला कोण सोडणार होते?

जे सूचीत येत नाही

आता पाथर्डी-जामखेडकडे परत येऊ. बाविस्करांच्या कोपरगावात मुख्य पात्र आहे सभासद. सभासद होण्यासाठी ऊस पिकवावा लागतो, म्हणजे कालव्याखालची जमीन लागते. तो ऊस तोडणारा सभासद नसतो. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्याच्या कोरड्या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून बैलगाड्या, आता ट्रॅक्टर, कारखान्यांच्या दिशेने निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, माणसांची गणती हत्याराने होते. मुकादम आगाऊ ‘उचल’ देतो आणि हंगामभर ती फेडून घेतो. निवडणुकीत संचालकाला जाब विचारण्याची जी ताकद बाविस्करांना सभासदाच्या हाती दिसली, ती या कोयत्याच्या हाती नाही. वाटा कुणाला, हा ‘हू शेअर्स?’मधला प्रश्न फडात नेऊन विचारला की त्याचा सूर बदलतो.

माझ्या प्रबंधाचा विषय साधारण इथे येऊन ठेपला आहे: कालवा आल्यानंतर एकाच जिल्ह्याचे हे दोन अर्धे एकमेकांशी कसे बांधले गेले. त्याची साधने कुठल्याही परदेशी कपाटात नाहीत. ती आहेत कारखान्यांच्या जुन्या वार्षिक अहवालांत, सभेच्या इतिवृत्तांत, लग्नपत्रिकांच्या मागे लिहिलेल्या हिशेबांत आणि मुकादमांच्या उचलीच्या वह्यांत. मागच्या दिवाळीत पाथर्डी तालुक्यातील एका घरी अशी एक वही पाहायला मिळाली. नावापुढे गाव, गावापुढे कोयत्यांची संख्या, त्यापुढे उचल, आणि काही नावांपुढे फक्त ‘गेला’ एवढाच शब्द. पळून गेला की मेला, ते घरातल्या आजोबांनाच ठाऊक होते. त्यांनी सांगितले म्हणून मला कळले. आधीच्या तीन वह्या त्यांच्या सुनेने त्याच वर्षी रद्दीत घातल्या होत्या.

तेव्हा एक विनंती. श्रीगोंदा, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, जामखेड या बाजूला कुणाच्या घरी अशी वही, जुना अहवाल, कारखान्याची पावती असेल तर ती रद्दीवाल्याला देण्याआधी मोबाइलवर तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि घरात जे कुणी जुने माणूस असेल त्याला शेजारी बसवून नावे विचारून घ्या. वही मूळ धन्याकडेच राहू द्या.

पुढचा धागा महिपतीबुवांवर.